वाळू पाण्याबरोबर जाते तेव्हा: कोलोनच्या अभिलेखागाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

जर्मनीतलं कोलोन शहर ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेलं आहे. तिथल्या सेव्हेरिनश्ट्रासे या जुन्या रस्त्यावर 1971 पासून शहराच्या ऐतिहासिक अभिलेखागाराची बहुमजली इमारत उभी होती. आतली कपाटं एका ओळीत मांडली तर सुमारे 30 किलोमीटर भरतील एवढा संग्रह होता आणि त्यातला सर्वांत जुना दस्तऐवज इ.स. 922 मधला. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने कोलोनचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला, तरी हे कागद वाचले होते.

3 मार्च 2009 रोजी दुपारी दोनच्या सुमाराला ही इमारत काही मिनिटांत रस्त्याच्या बाजूला कलंडून खाली गेली. भूकंप झाला नव्हता की स्फोट. खांब-तुळयांनी दगा दिला असंही नाही. पायाखालची वाळू आणि गोटे पाण्याबरोबर शेजारच्या खड्ड्यात निघून गेले आणि पायाला खाली टेकायला काही उरलं नाही.

शेजारचा खड्डा मेट्रोचा होता. कोलोनच्या उत्तर-दक्षिण भुयारी मार्गाचं सुमारे 4 किलोमीटरचं काम 2004 मध्ये सुरू झालं. अभिलेखागाराच्या अगदी समोर, वाइडमार्क्ट चौकाजवळ, गाड्यांना रूळ बदलता यावेत म्हणून एक मोठं भूमिगत बांधकाम करायचं होतं. तेवढ्या भागात बोगदा न खणता वरून उघडं खोदकाम केलं जात होतं.

याच मार्गाच्या कामात सप्टेंबर 2004 मध्ये जवळच्या एका चर्चचा मनोरा पाऊण मीटरच्या आसपास कलला होता. लोकांनी त्याला इटलीतल्या पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून ‘कोलोनचा पिसा’ म्हटलं, वर्तमानपत्रांत फोटो आले, पुढे तो सरळही केला गेला. म्हणजे इथली जमीन कामाला कसा प्रतिसाद देते याची पहिली सूचना अगदी सुरुवातीला मिळाली होती, तीही कुणाच्या नजरेतून सुटणार नाही अशी.

या टिपणात व्यक्ती, ठेकेदार आणि सल्लागार यांची नावं गाळली आहेत. कोण किती दोषी हे ठरवायला न्यायालयं होती. आपल्याला बघायचंय ते जमिनीत काय घडलं आणि कुठकुठल्या वळणावर ते थांबवता आलं असतं.

जमीन आणि पाणी

महाराष्ट्रात शिकलेला सिव्हिल इंजिनिअर बेसाल्टवर वाढलेला असतो. दोन-चार मीटर काळी माती किंवा मुरूम उपसला की खडक लागतो, ‘हार्ड स्ट्रॅटा’ लागल्याची नोंद होते आणि सगळे निर्धास्त होतात. कोलोनला तशी सोय नाही. ऱ्हाईनने हजारो वर्षं आणून टाकलेली वाळू आणि गोटे खोलवर पसरलेले आहेत. भूजल रस्त्याखाली साधारण दहा-बारा मीटरवर मिळतं आणि ते नदीच्या पातळीबरोबर वर-खाली होतं.

अशा जमिनीवर इमारत बांधणं मुळीच वाईट नाही. घट्ट बसलेली वाळू भार चांगला पेलते, खचायचं तेवढं बांधकाम चालू असतानाच खचून घेते आणि चिकणमातीसारखी वर्षानुवर्षं दबत राहत नाही. साचलेलं, स्थिर भूजलही तिचं फारसं बिघडवत नाही. बिघडतं ते पाणी वाहू लागल्यावर.

वाळूची ताकद कणाकणांच्या एकमेकांवरच्या दाबातून येते. एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो कणांमधला दाब, म्हणजे परिणामी दाब. पाया खरं तर त्याच्या जिवावर उभा असतो. भूजल एक मीटर खाली नेलं तर खालच्या थरांवरचा परिणामी दाब दर चौरस मीटरला जवळजवळ एक टनाने वाढतो आणि थर थोडेसे दबतात. घट्ट वाळूत हे दबणं बहुधा मिलिमीटरांत मोजावं लागतं. भिंतींना बारीक तडे जातील, दारं घासतील, पण इमारत उभी राहील.

याच्या उलट, पाणी खालून वर जोराने येऊ लागलं की ते कणांना उचलू पाहतं. नेहमीच्या वाळूत उतार साधारण 1 झाला, म्हणजे एक मीटर जाडीच्या थरात पाण्याच्या पातळीचा फरक एक मीटर झाला, की कणांमधला दाब शून्यावर येतो. वाळू ‘उकळते’, आणि खड्ड्याच्या तळावर उभा असलेला माणूस त्यात रुततो.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. वाहत्या पाण्याला बाहेर पडायला एखादं भोक मिळालं, की तिथे वेग प्रचंड वाढतो आणि पाणी वाळू सोबत घेऊन निघतं. भोकाजवळची वाळू गेली की मागची पुढे येते, पोकळी उगमाच्या दिशेने मागे मागे सरकत जाते. याला साइटवर ‘पायपिंग’ म्हणतात. गोणीला खालच्या कोपऱ्यात भोक पडलं तर वरचं धान्य बराच वेळ जागच्या जागी दिसतं, मग एकदम मधोमध खड्डा पडतो. वाळूचंही तसंच. भूजलाच्या वरची ओलसर वाळू काही काळ कमानीसारखी तग धरते, त्यामुळे रस्त्यावर आणि इमारतीच्या लेव्हल पॉइंटवर, म्हणजे खचणं मोजायच्या खुणांवर, फारसं काही दिसत नाही.

लोक या तिन्ही प्रकारांना ‘पाण्यामुळे पाया खचला’ या एकाच वाक्यात बसवतात. पण उपाय तिन्हींचे वेगळे आहेत.

अडचण कुठे रुजली

वाइडमार्क्टच्या खड्ड्याभोवती डायफ्राम वॉल, म्हणजे साइटच्या भाषेत डी-वॉल, घातली होती. हे तंत्र मुंबईकरांना आता सवयीचं आहे. जमिनीत अरुंद, खोल चर खणायचा, तो ढासळू नये म्हणून बेंटोनाइट या चिकणमातीच्या घोळाने भरलेला ठेवायचा, लोखंडाचा पिंजरा सोडायचा आणि ट्रेमी पाइपने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या लांब नळीने, तळापासून काँक्रीट भरत वर यायचं. अशी एकेक पॅनेलं शेजारी शेजारी करत भिंत पूर्ण होते. इथे ती चाळीस मीटरपेक्षा खोल होती.

या भिंतीचा कच्चा दुवा म्हणजे दोन पॅनेलांमधला सांधा. काँक्रीट कितीही चांगलं असो, सांध्यात माती अडकली तर तिथे भिंत नसतेच. आणि हे सगळं बेंटोनाइटच्या चिखलाखाली घडतं; डोळ्यांनी कुणालाच दिसत नाही.

पुढे न्यायालयासमोर जे चित्र उभं राहिलं ते असं. 2005 मध्ये एका पॅनेलचं खोदकाम चालू असताना ग्रॅबला, म्हणजे चर खणणाऱ्या यंत्राच्या जबड्याला, खोलवर मोठा दगड लागला. दात तुटले, दगड हलला नाही. तो काढून टाकून चर पूर्ण साफ करण्याऐवजी खोदकाम तसंच पुढे नेलं गेलं. त्यामुळे शेजारच्या पॅनेलला लागून मातीचा एक तुकडा न खणलेला राहिला आणि काँक्रीट त्याला वळसा घालून वर आलं. कागदोपत्री भिंत अखंड होती. प्रत्यक्षात तिच्यात भोक होतं आणि त्यात मातीचं बूच बसलेलं होतं.

आतला खड्डा जोवर उथळ होता तोवर या बुचाच्या दोन्ही बाजूंना माती होती. खोदकाम खाली जाऊ लागलं, आतलं पाणी उपसलं जाऊ लागलं, तसा बुचाच्या आतल्या बाजूचा आधार कमी होत गेला आणि बाहेरच्या पाण्याचा दाब तसाच राहिला. पंचवीस मीटर खोल खड्डा आणि दहा मीटरवर भूजल धरलं, तर पातळीतला फरक पंधरा मीटरचा होतो. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे पंधरा टन. एवढा दाब अडवण्याचं काम त्या एका मातीच्या तुकड्याकडे आलं.

दोष 2005 चा, कोसळणं 2009 चं. मधली वर्षं तो दोष बिनबोभाट होता.

पहिलं वळण: दगड लागला तेव्हाचे पर्याय

नदीच्या गाळात मोठे धोंडे मिळणं काही जगावेगळं नाही. त्या क्षणी हातात निदान तीन मार्ग होते.

पहिला, जड छिन्नी वरून आपटून दगड फोडायचा. वेळ जातो, चराच्या कडा थोड्या ढासळतात, पण पॅनेल पूर्ण होतं. दुसरा, चर हलक्या काँक्रीटने भरून टाकायचा आणि नंतर योग्य यंत्र आणून पुन्हा खणायचा. हा महाग, पण खात्रीचा. तिसरा, पॅनेल आहे तसं पूर्ण करायचं, मात्र ‘या खोलीवर, या सांध्यात अडथळा राहिला आहे’ अशी नोंद करायची आणि मुख्य खोदकाम तिथे पोचण्याआधी बाहेरून जेट ग्राउटिंगने (जोराच्या झोताने जमिनीत सिमेंटचा घोळ, म्हणजे ग्राउट, घालून) किंवा माती गोठवून सांधा बंद करायचा.

माझ्या मते तिसरा मार्ग सर्वांत व्यवहार्य होता. काम थांबलं नसतं, खर्च मर्यादित राहिला असता आणि दुरुस्तीला वर्षं हातात होती. त्याची अट एकच, कुणीतरी खरी नोंद करायला हवी होती. प्रत्यक्षात निवडला गेला चौथा मार्ग: पुढे चला, वर कळवू नका.

त्या पाळीवरच्या माणसांना दुष्ट ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण चरात बेंटोनाइट भरलेलं, काँक्रीटच्या गाड्या ठरलेल्या, पिंजरा क्रेनला टांगण्याच्या तयारीत आणि समोर न हलणारा दगड, हे चित्र ज्याने साइटवर एकदा तरी पाहिलंय त्याला हा निर्णय कसा होतो ते समजेल. समजतं म्हणून तो माफ होत नाही, एवढंच.

नंतर, 2010 मध्ये, आणखी गोष्टी बाहेर आल्या. भिंतीच्या पिंजऱ्यांमधल्या लोखंडी रिंगा काही ठिकाणी बसवल्याच नव्हत्या, त्या भंगारात विकल्या गेल्या होत्या. मोजमापाच्या नोंदींत फेरफार होते. शहर संतापलं आणि कितीतरी दिवस लोकांना वाटत राहिलं की इमारत रिंगांच्या चोरीमुळे पडली. तसं नव्हतं. पण चोरीने एक गोष्ट मात्र उघड केली: या साइटवर कागद आणि काँक्रीट यांचा मेळ तपासणारं कुणी नव्हतं. ज्या ठिकाणी रिंगा गायब झालेल्या कळत नाहीत, तिथे चिखलाखालचा दगड कसा कळणार?

दुसरं वळण: पाणी अंदाजापेक्षा जास्त येऊ लागलं

वाळूत भूजलाखाली खोदायचं तर पद्धती मोजक्याच आहेत. पाण्याखालीच खणायचं, आतबाहेरची पातळी सारखी ठेवायची आणि तळाचा स्लॅब पाण्याखाली ट्रेमीने ओतून मगच पाणी काढायचं. किंवा खोदण्याआधीच तळाशी ग्राउटचा जाड थर तयार करायचा, म्हणजे खालून पाणी येत नाही. किंवा माती गोठवायची. किंवा भिंत खोल न्यायची आणि आत विहिरी पाडून पंपाने पाणी उतरवत कोरड्यात खणायचं.

वाइडमार्क्टला हा शेवटचा मार्ग घेतला होता. तो चुकीचा म्हणता येणार नाही. जगभर असेच खड्डे खणले जातात. मात्र त्यात सगळी भिस्त दोन गोष्टींवर असते: भिंतीला भोक नाही, आणि उपसा हिशेबात बसतो. कोसळल्यानंतरच्या चौकशीत समोर आलं की परवानगी होती त्यापेक्षा जास्त विहिरी पाडल्या गेल्या होत्या आणि पाणीही परवानगीपेक्षा जास्त उपसलं जात होतं.

या वळणावर मला सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं, कारण आपल्याकडच्या साइटवर रोज हेच घडतं. खड्ड्यात पाणी वाढलं की पहिली प्रतिक्रिया असते, ‘अजून एक पंप लावा.’ पंप लागतो, तळ कोरडा होतो, सुपरवायझर खूश. पण पाणी वाढलं का, हा प्रश्न पंपाबरोबरच वाहून जातो. अंदाजापेक्षा दुप्पट पाणी येत असेल तर दोनच शक्यता उरतात. एक, जमिनीची पाझरक्षमता आपण कमी धरली. दोन, पाण्याला आपल्या नकाशात नसलेली वाट मिळाली आहे. पहिलीसाठी जास्त पंप हे उत्तर आहे. दुसरीसाठी जास्त पंप म्हणजे त्या वाटेवरचा उतार स्वतःच्या हाताने वाढवणं.

यातली कुठली शक्यता खरी हे शोधायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. भिंतीबाहेर ठरावीक अंतरावर पिझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या, असतील आणि एकाच ठिकाणची पातळी इतरांपेक्षा जास्त उतरत असेल, तर भोक त्याच बाजूला आहे. त्याहून सोपं म्हणजे पंपाच्या तोंडाशी बादली धरणं.

हा हिशेब एकदा करून बघा. समजा उपसा ताशी 100 घनमीटर आहे आणि दर लिटरला फक्त एक ग्रॅम वाळू येतेय. वीस लिटरच्या बादलीत तळाशी चमचा-दोन चमचे गाळ बसेल. कुणी लक्षही देणार नाही. पण तासाला ती 100 किलो झाली, दिवसाला 2.4 टन, महिन्याला 72 टन. जमिनीतल्या मापात हे चाळीस-पंचेचाळीस घनमीटर भरतात. म्हणजे शेजाऱ्याच्या पायाखालून महिन्याला एका मोठ्या खोलीएवढी जमीन आपण गटारात सोडतोय, आणि डीवॉटरिंगच्या, म्हणजे पाणी उपशाच्या, रजिस्टरमध्ये लिहितोय ‘पंप चालू, तळ कोरडा’.

पाणी नितळ येतंय की गढूळ, ही नोंद त्या रजिस्टरमध्ये रोज हवी. डीवॉटरिंगसाठी भारतीय मानक आहे, आयएस 9759, 1981 सालचं; डायफ्राम वॉलसाठी आयएस 9556 आहे, 1980 चं. टेंडरमध्ये दोन्हींचा उल्लेख असतो. बादली मात्र सहसा कुणाच्या हातात नसते.

तिसरं वळण: इमारतीने दिलेले इशारे

कोसळण्याआधी अभिलेखागाराच्या कर्मचाऱ्यांना भिंतींत तडे दिसले होते. डिसेंबर 2008 च्या सुमारास इमारतीची पाहणीही झाली. निष्कर्ष असा होता की इमारतीला तातडीचा धोका नाही, मात्र पुढे आणखी तपासणी व्हावी.

हा अहवाल आज वाचताना राग येतो. पण त्या दिवशी इमारतीत दिसत होतं त्यापुरता तो निष्कर्ष बरोबरही असू शकतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने इमारत पाहिली; खड्डा त्याच्या कामाच्या कक्षेत नव्हता. खड्ड्यावरचे इंजिनिअर खड्डा पाहत होते. तडे त्यांच्या कक्षेत नव्हते. एकाच्या हातात तड्यांची रुंदी, दुसऱ्याच्या हातात उपशाचे आकडे. दोन्ही तक्ते एका टेबलावर, एकाच तारखांच्या अक्षावर ठेवून बघणारा माणूस कुणी नेमलेलाच नव्हता.

तड्यांच्या मोजणीची मर्यादाही इथे ध्यानात घ्यावी लागते. पाणी उतरल्याने वाळू दबते तेव्हा इमारत हळूहळू, सगळीकडून थोडी थोडी खचते आणि तड्यांवर चिकटवलेल्या टेल-टेल काचा, लेव्हल पॉइंट ते छान पकडतात. भिंतीतलं बूच अचानक सुटतं तेव्हा मोजण्यासारखं काही व्हायच्या आतच सगळं होऊन गेलेलं असतं. त्यामुळे ‘सेटलमेंट मर्यादेत आहे’ हे वाक्य पहिल्या धोक्यासाठी दिलासा आहे, दुसऱ्यासाठी त्याला काही अर्थ नाही. दुसऱ्याचा इशारा मिळालाच तर पाण्यातून मिळतो, इमारतीतून नाही.

3 मार्च 2009

त्या दुपारी खड्ड्यात काम करणाऱ्या कामगारांना पाणी जोरात आत येताना दिसलं. त्यांनी जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अचूक काम होतं. ते बाहेर पळाले, आणि पळताना अभिलेखागारातल्या लोकांना ओरडून बाहेर काढलं. कर्मचारी आणि वाचक वेळेत बाहेर पडले. मग इमारत पुढे झुकली आणि रस्त्यासकट खाली गेली. शेजारच्या दोन निवासी इमारतीही कोसळल्या. त्यांत 17 आणि 24 वर्षांचे दोन तरुण गेले.

खड्ड्यात आलेल्या वाळू-गोट्याचा अंदाज सुमारे 5,000 घनमीटरचा आहे. दहा घनमीटरचे डंपर धरले तर पाचशे डंपर. भिंतीत एक वाट फुटल्यावर एवढी जमीन काही मिनिटांत सरकली. वाळू वाहत्या पाण्यात सापडली की जवळजवळ द्रवासारखी वागते, हे पुस्तकातलं वाक्य त्या दिवशी मापासकट समोर आलं.

अपघातानंतरचा एक निर्णय बारकाईने बघण्यासारखा आहे. विवरात काँक्रीट ओतलं गेलं आणि खड्ड्यात भूजल भरू दिलं गेलं. आतबाहेरची पातळी एक झाली की प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला की वाळू थांबते. खड्डा भरू देणं म्हणजे महिन्यांची मेहनत पाण्यात घालणं, म्हणून जिवंत साइटवर तो हुकूम द्यायला कुणी धजावत नाही. पण वाळूत भोक पडलं की खात्रीचा आणि स्वस्त उपाय हाच आहे: पंप बंद करा, पाणी येऊ द्या. उपसा वाढवणं ही त्याच्या नेमकी विरुद्ध दिशा.

कारणाचा शोध

कारणावरून वर्षानुवर्षं वाद चालला. एका बाजूचं म्हणणं, भिंतीला भोक होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, खड्ड्याचा तळच पाण्याच्या दाबाने उचलला गेला आणि असं होईल हे आधी ओळखणं शक्य नव्हतं. फरक निव्वळ तांत्रिक नव्हता. तळ उचलला असेल तर ती निसर्गाची खोडी, भोक असेल तर माणसाची.

निकाल लावायला एकच मार्ग होता, भिंत प्रत्यक्ष पाहणं. पण ती तर पाण्याखाली, ढिगाऱ्याखाली, खोल जमिनीत. मग भिंतीच्या बाहेरच्या बाजूने तपासणीसाठी वेगळी विहीर बांधली गेली आणि पाणबुडे खाली उतरून भिंत उघडी करत गेले. चार वर्षं कागदावर न दिसलेला सांधा शोधायला त्याहून जास्त वर्षं आणि अफाट पैसा लागला. तज्ज्ञांचा निष्कर्ष भिंतीतल्या दोषाकडे गेला आणि न्यायालयानेही तोच धरला.

परिणाम

फौजदारी खटला जानेवारी 2018 मध्ये उभा राहिला. काही जण सुटले, काहींना निलंबित शिक्षा झाली, 2021 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यातले निकाल पुन्हा मोडीत काढले. नुकसानीचा आकडा शहराने एक अब्ज युरोंच्या वर सांगितला होता. 2020 मध्ये बांधकाम कंपन्यांच्या गटाबरोबर 60 कोटी युरोंवर तडजोड झाली.

संग्रहाचा सुमारे 90 टक्के भाग ढिगाऱ्यात गेला होता, त्यातला बहुतेक परत मिळवला गेला. काही कागद भूजलाखालून काढावे लागले. बुरशी धरू नये म्हणून ओले कागद आधी गोठवले आणि मग गोठलेल्या अवस्थेतच कोरडे केले. दुरुस्तीचं काम दशकानुदशकं चालणार आहे. अभिलेखागाराची नवी इमारत 2021 मध्ये दुसऱ्या जागी उघडली. मेट्रोचे दोन्हीकडचे तुकडे टप्प्याटप्प्याने सुरू झाले, पण वाइडमार्क्टचा मधला तुकडा पुढची कितीतरी वर्षं अडकून राहिला.

कुठे वेगळं करता आलं असतं

भिंत झाल्यावर आणि खोदकामाआधी पंपाची चाचणी घेता येते: आतलं पाणी थोडं उतरवायचं, उपसा बंद करायचा आणि ते किती वेगाने परत भरतं ते बघायचं, बाहेरचे पिझोमीटर वाचत. मातीने गच्च बसलेलं बूच कमी फरकाला दाद देणार नाही, त्यामुळे ही चाचणी एकदा करून भागत नाही. दर पाच मीटर खोदकामानंतर ती पुन्हा करावी लागते. सांध्यांच्या दोन्ही बाजूंना नळ्या टाकून ध्वनिलहरींनी काँक्रीट तपासणं हा दुसरा मार्ग. आणि जिथे इमारत अगदी कडेला आहे तिथे सगळ्या सांध्यांमागे आधीच ग्राउटचे खांब घालणं हा तिसरा. शहराच्या स्मृतीची एकमेव प्रत सांभाळणारी इमारत शेजारी असताना तिसऱ्याचा खर्च मला तरी जास्त वाटत नाही.

आपल्याकडे हे दूरचं वाटू नये. 31 ऑगस्ट 2019 रोजी कोलकात्यात पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा खणताना बहूबाजार भागात यंत्राला पाण्याचा थर लागला, पाणी आणि माती बोगद्यात आली, वरची जुनी घरं फुटली, काही पडली आणि शेकडो लोकांना रातोरात घर सोडावं लागलं. 2022 मध्ये त्याच भागात पुन्हा दोनदा गळती होऊन घरांना तडे गेले. गंगेच्या गाळातला तोच खेळ.

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यालगत पुळणीच्या जमिनीवर आता बेसमेंटवाली हॉटेलं आणि खोल टाक्या होताहेत. तिथे पाणी काही हातांवर लागतं. शेजारी जांभ्या दगडाच्या पायावरचं जुनं घर असतं, मधे डी-वॉल तर सोडाच, जमिनीत ठोकलेल्या पोलादी पत्र्यांची धड शीट पाइलही नसते. मातीच्या कडा तिरप्या कापायच्या, कोपऱ्यात खड्डा करून पंप टाकायचा आणि रात्रंदिवस चालवायचा. इथे भोक शोधावं लागत नाही, सगळी कडाच भोक असते. अशा कामात निदान पंप उघड्या वाळूत न टाकता जाळी आणि खडीच्या गाळणीत बसवलेल्या वेलपॉइंटने, म्हणजे बारीक उपसा-नळ्यांनी, पाणी काढावं, म्हणजे पाणी येईल आणि वाळू मागे राहील. खर्चातला फरक शेजाऱ्याच्या एका भिंतीच्या दुरुस्तीपेक्षा कमी असतो.

आणि टेंडर लिहिणाऱ्यांसाठी एक कलम. आपल्याकडच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या परिमाणांच्या आणि दरांच्या यादीत, डी-वॉलचा दर चौरस मीटरवर असतो आणि अडथळा लागला तर त्याचा वेगळा दर बहुधा नसतो. असलाच तर इतक्या अटींसह की मागायला जाणाऱ्याचा महिना जातो. दगड लागल्याचं कळवणाऱ्या गँगचे पैसे बुडणार असतील तर ती कळवणार नाही. म्हणून अडथळ्याचा दर तासावर ठेवावा, पॅनेलची नोंद ग्रॅब चालवणाऱ्याच्या सहीने घ्यावी, आणि पहिला दगड कळवला जाईल तेव्हा त्याचं बिल त्याच महिन्यात, खळखळ न करता पास करावं. दुसऱ्या दगडाची खबर मग आपोआप येते.